दिवा विझेपर्यंत हजर राहणे

मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या नोटिस बोर्डावर एक सूचना लागली होती. 'काही सदस्य निवासी सदनिकेत तेलाचा कारखाना चालवीत असल्याचे निदर्शनास आले आहे. संबंधितांनी तो त्वरित बंद करावा.'

यातले 'काही सदस्य' म्हणजे मी. एकटी. नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली, निकालाची वाट बघणारी एक निरुपद्रवी मुलगी. आणि 'कारखाना' म्हणजे आमच्या डायनिंग टेबलाला स्क्रूने आवळलेलं, हाताने फिरवायचं एक यंत्र. दिसायला पुरणयंत्राचा थोरला भाऊ. त्यातून तोपर्यंत तेलाचा एक थेंबही पडला नव्हता. जगात इतर कारखानदारांवर निदान माल निघाल्यावर तरी कारवाई होते.

पण हे सगळं का झालं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आम्ही किहिमकर. बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की ते छापून गळ्यात अडकवावंसं वाटतं. नवीन वर्गात हजेरी घेताना बाई 'तेहिला' या नावापाशी थांबतात, चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "कुठली गं तू?" मी म्हणते, "ऐरोली." त्यांचं समाधान होत नाही.

आमचे पूर्वज म्हणे फार वर्षांपूर्वी अलिबागकडे जहाज फुटून किनाऱ्याला लागले. सगळं सामान बुडालं. देवाचं नाव आणि शनिवारची सुट्टी एवढंच कोरडं राहिलं. पुढे त्यांनी तेलाचे घाणे टाकले, आणि शनिवारी घाणा बंद असायचा म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. आज आमच्या घरात तेल येतं ते पिशवीतून. कात्री जागेवर नसते म्हणून मम्मी पिशवी दातांनी फोडते. घराण्याची कला एवढीच काय ती उरलेली आहे.

आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, मोरा बंदरात, जेट्टीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. निळा दरवाजा, लाकडी बाकं आणि बाहेर वाळत घातलेल्या सुकटीचा वास. मला लहानपणी वाटायचं देवालाही तसाच वास येतो. आत तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, ठेवायच्या कपाटासमोर साखळीला एक काचेचा मोठा पेला टांगलेला आहे. दर शुक्रवारी माझे हायमआजोबा स्टुलावर चढून त्यात तेल घालायचे, वात सोडायचे आणि सूर्य बुडायच्या आत दिवा लावायचे. मी खाली उभी राहून स्टूल धरायचे. म्हणजे स्टुलाला मी धरायचे की मला स्टूल, हे सांगता येणार नाही, पण हे काम माझं होतं. सिनेगॉगमधलं माझं पहिलं पद.

हायमआजोबा म्हणजे पप्पांचे काका. पप्पांचे वडील लवकर गेले, तेव्हा पप्पांना यांनीच वाढवलं, शिकवलं, कानही यांनीच पिळले. आणि त्या पप्पांनी ट्रस्टी झाल्यावर पहिलं काम काय केलं? छतावर काजळीचा डाग दिसला म्हणून पेल्यातलं तेल काढून आत बल्ब बसवला. साधा नव्हे, ज्योतीसारखा थरथरणारा. पहिल्या शनिवारी अर्ध्या लोकांना वाटलं वायर लूज आहे.

हायमआजोबांनी बल्बकडे बघितलं, टोपी नीट केली आणि घरी गेले. ते परत आले नाहीत. सिनेगॉगपासून चार घरांवर राहतात, पण शब्बाथची, म्हणजे शुक्रवारी सूर्य बुडाल्यावर लागणाऱ्या आमच्या सुट्टीची, प्रार्थना घरात, एकटे, खिडकी उघडी ठेवून. आमचा आवाज त्यांना ऐकू यायचा आणि त्यांचा आम्हाला. त्यांचा थोडा पुढे असायचा.

पप्पा म्हणायचे, "यायचं तर येतील." आजोबा म्हणायचे, "बोलावलं तर बघू." मराठी घरांत या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत वर्षं सहज मावतात.

यंदा मात्र वेळ संपत आली. आजोबांच्या मुलाने त्यांना इस्राएलला, अश्दोदला बोलावून घेतलं. कायमचं. तिकीट शावुओथनंतरच्या रविवारचं. शावुओथ म्हणजे आम्हाला तोरा मिळाली तो दिवस. त्या दिवशी दहा आज्ञा वाचायच्या, दुधाचं खायचं आणि बसून अभ्यास करायचा, म्हणजे ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला सांगायचं. आजोबा सिनेगॉगमध्ये पाऊल न टाकताच विमानात बसणार, हे दिसतच होतं. पप्पा रोज जेवताना त्यांचा विषय काढायचे नाहीत. ते इतक्या जोरात काढायचे नाहीत की आम्हाला ऐकू यायचं.

मी ठरवलं, हे आपण मिटवायचं. दहावीला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. तेव्हापासून जगातले सगळे तंटे केवळ कोणी नीट बोललं नाही म्हणून अडलेत, अशी माझी समजूत झाली होती.

मी मोऱ्याला गेले. आजोबा गॅलरीत बसून बॅग भरत होते, म्हणजे भरलेली बॅग उपसत होते.

"आजोबा, शावुओथला सिनेगॉगमध्ये याल ना?"

"बल्ब आहे का तिथे?"

"आहे."

"मग देवाला बल्बबरोबर बसू दे."

"बल्ब काढला तर? तेलाचा दिवा लावला तर?"

"कोणतं तेल? तुझ्या आईच्या पिशवीतलं?" आजोबांनी एक बनियन बॅगेत टाकलं आणि परत काढलं. "तेल्याच्या घरातला दिवा अन् बाजारचं तेल! त्यापेक्षा बल्ब बरा. निदान तो खोटं तर बोलत नाही."

"मी गाळीन तेल. स्वतः."

आजोबांनी माझे हात बघितले. त्यांवर अजून माझ्या वर्गातल्या वैदेहीच्या बहिणीच्या लग्नातली मेंदी होती. "तू गाळ," ते म्हणाले, "मी येतो."

इथे एखादी समंजस मुलगी घरी जाऊन आधी वडिलांशी बोलली असती. मी पुढच्या शनिवारी प्रार्थना झाल्यावर, सगळे काळ्या मनुकांच्या शरबताचे पेले घेऊन उभे असताना (आमच्यात शब्बाथच्या आशीर्वादाला वाइनऐवजी हेच असतं) बाकावर चढले आणि जाहीर केलं की शावुओथला दिवा आपल्या घरच्या तेलाचा लागेल, हायमआजोबा येतील आणि 'आपली घाण्याची परंपरा' या विषयावर माझं भाषण होईल. टाळ्या पडल्या. पप्पांना ठसका लागला. शरबत त्यांच्या पांढऱ्या शर्टावर अगदी नकाशासारखं उतरलं.

पप्पांनी गाडी काढली. (आमच्या घरी शब्बाथला गाडी चालते, फोन चालत नाही. हा नियम मम्मीने केलाय आणि त्यामागचं शास्त्र विचारायची कोणाची हिंमत नाही.) ऐरोली आल्यावर म्हणाले, "बल्ब ट्रस्टचा आहे. काढायचा तर ठराव लागतो."

"पण पप्पा, ट्रस्ट म्हणजे तुम्हीच ना?"

"मी एक तृतीयांश."

उरलेल्या दोन तृतीयांशांपैकी एक पुण्याला असतात आणि दुसऱ्यांना ऐकू येत नाही. व्हिडिओवर सभा झाली. पुण्याच्या काकांचा आवाज बंद होता, पण हात हलत होते, ती संमती धरली. दुसऱ्यांनी 'हो' म्हटलं. नंतर कळलं ते सुनेने चहा घेणार का विचारलं त्याला होतं. पप्पा आयटी पार्कमध्ये काम करतात. त्यांना कुठलीही गोष्ट अटींशिवाय मंजूर करता येत नाही. त्यांनी ठरावात अट घातली: वाळूची बादली ठेवणे, आग विझवण्याचा सिलिंडर आणणे, आणि 'जबाबदार ट्रस्टी यांनी दिवा विझेपर्यंत हजर राहणे'. जबाबदार ट्रस्टी कोण, तर ज्यांना ऐकू येतं आणि जे पुण्यात नाहीत ते.

"दोन तास बसायचं," पप्पा म्हणाले. "बसेन."

हे वाक्य लक्षात ठेवा.

मग मी यंत्र मागवलं. ऑनलाइन. कंपनीने आनंदाने कळवलं की तुमच्या विभागात वाटप शनिवारी होतं. शनिवारी डिलिव्हरीवाला आला. बेल वाजवली. म्हणाला, "ओटीपी सांगा." ओटीपी फोनवर, फोन कपाटात, कपाटाची किल्ली मम्मीच्या कंबरेला, आणि मम्मी शब्बाथला.

"दादा, सूर्य मावळल्यावर सांगते."

त्याने आमच्याकडे बघितलं आणि यंत्र घेऊन गेला. दुसऱ्या शनिवारी परत आला. परत गेला. शनिवार तेल्यांना घाणा मिळेना, तर शनिवारमुळे! पूर्वज वर बसून हसत असणार.

तिसऱ्या शनिवारी मात्र तळमजल्यावरच्या शेवंताबाई गेटवर बसल्या होत्या. शेवंताबाई मूळच्या खाडीकाठच्या. आमची बिल्डिंग त्यांच्या शेतावर उभी आहे आणि हे त्या लिफ्टमध्ये प्रत्येकाला सांगतात. "तुमचा किचन जिथं हाय ना, तिथं आमचा राजा बैल बांधायचो," असं मम्मीला एकदा म्हणाल्या. तेव्हापासून मम्मी ओट्यापाशी जरा सरकून उभी राहते. तर शेवंताबाईंनी डिलिव्हरीवाल्याला गेटवरच धरलं.

"कुठं चाललास? त्या पोरीचा देव आज सुट्टीवर हाय. उद्या ये."

"मावशी, उद्या रविवार. माझी पन सुट्टी."

"तुझी सुट्टी मोठी का तिच्या देवाची?"

तो रविवारी आला. घाबरून, सकाळी सातला.

यंत्र आलं, पण शावुओथ तोंडावर आलेला. तीळ आणले. शेवंताबाई म्हणाल्या, "धुऊन उन्हात घाल, मंग तेल सुटतंय." गच्चीची किल्ली सेक्रेटरी नंदकिशोरकाकांकडे. नंदकिशोरकाका सज्जन आहेत, पण अर्जाशिवाय त्यांना माणूस दिसत नाही. मी अर्ज लिहिला. विषय: तीळ वाळत घालण्याबाबत. त्यांनी वाचला, म्हणाले, "प्रयोजन लिहिलेलं नाही." मी लिहिलं, 'धार्मिक'. म्हणाले, "मग सर्वधर्मीयांना हीच सवलत द्यावी लागेल. उद्या कोणी मिरच्या घालील." शेवटी 'प्रयोजन: शैक्षणिक' यावर किल्ली मिळाली.

तीळ पसरले आणि मी पाणी प्यायला खाली आले. वर गेले तेव्हा ऐरोलीतली झाडून सगळी कबुतरं शिक्षण घेत होती.

"अगो, राखन करायला नको?" शेवंताबाई म्हणाल्या. "आमी शेतात बुजगावना लावायचो."

"तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कवा?"

दुसऱ्या खेपेच्या तिळांना मीच बुजगावणं झाले. मम्मीचा जुना गाऊन, पप्पांची टोपी, हातात झाडू. समोरच्या टॉवरमधून कोणीतरी फोटो काढला आणि आमच्या वर्गाच्या ग्रुपवर तो माझ्याआधी पोचला. वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं तेव्हा ग्रुपवर दोन अंगठे आले होते. या फोटोला सगळा वर्ग हजर.

यंत्राच्या नळीखाली एक छोटी बत्ती ठेवायची असते. नळी तापली की तेल सुटतं. मी बत्ती लावली, तीळ घातले, दांडा फिरवला. दांडा फिरला, टेबल फिरलं, मीही थोडी फिरले. तेल काही येईना. आला तो वास. खमंग, भाजक्या तिळांचा, संक्रांतीचा वास मे महिन्यात, बाथरूमच्या डक्टमधून थेट वरच्या मजल्यापर्यंत. दुपारभर बेल वाजत होती. "घाण्याचं काढता वाटतं? लिटर कसं दिलं?" एक आजी तर बरणी घेऊनच आल्या. मम्मी प्रत्येकाला सांगत होती की विकायचं नाही, त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली की माल उत्तम आहे. संध्याकाळी नोटिस बोर्डावर ती सूचना लागली. बरणीवाल्या आजी सूचना वाचून परत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बंद करायच्या आधी माझं भरून दे."

मी जेवले नाही. खोलीत जाऊन उशीत तोंड घालून पडले. आपण बाकावर चढून काय काय बोललो ते एकेक आठवत होतं. आजोबा जाणार, उघड्या खिडकीतून ऐकत जाणार, आणि मी भाषण करणार परंपरेवर!

थोड्या वेळाने बाहेर कुर्र कुर्र आवाज यायला लागला. दार उघडून बघते तर पप्पा. बर्म्युडा, बनियन, एक पाय टेबलाच्या पायाला अडकवलेला आणि दोन्ही हात दांड्यावर.

"घाई करतेस तू," ते म्हणाले. "घाणा हळू फिरवायचा असतो. बैल कधी पळताना बघितलाय?"

"तुम्ही बघितलाय घाणा?"

"काका न्यायचे मला. नागावला, शेवटचा घाणा होता कोणाचा तरी. मी लाटेवर बसायचो, घाण्याच्या त्या आडव्या लाकडावर, आणि बैल फिरायचा. काळा बैल." नळीच्या टोकाला काहीतरी चमकलं. फुगलं, लांबलं आणि वाटीत पडलं. पहिला थेंब.

मी ओरडले. वरून कोणीतरी काठी आपटली. पप्पांनी दांडा सोडला नाही. दर सुट्टीच्या दिवशी कंबर धरणारा हा माणूस बाटलीभर तेल निघेपर्यंत फिरवत राहिला. टेबलाला कायमची भेग पडली, ती मम्मीने अजून माफ केलेली नाही.

तेल गढूळ होतं. ते निवळायला बरेच दिवस ठेवायला हवं होतं, पण ते दिवस डिलिव्हरीवाल्याने खाल्ले होते.

यंदा शावुओथ लागला गुरुवारी संध्याकाळी. शुक्रवार सणाचा, आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याला चिकटूनच शब्बाथ. आम्ही आजोबांकडेच मुक्कामाला गेलो. त्यांचं घर रिकामं झालेलं. फर्निचर विकलेलं, गॅसचा सिलिंडर परत केलेला, खायचं आम्ही डब्यांतून नेलेलं. पप्पांनी शिडीवर चढून बल्ब काढला, रुमालात गुंडाळून कोनाड्यात ठेवला. वाळूची बादली, लाल सिलिंडर, सगळं ठरावाप्रमाणे. मग हायमआजोबा आले. पांढरे कपडे, इस्त्रीची टोपी. उंबऱ्याबाहेर थांबले.

"तेहिला, तुझ्या बापाला विचार, बल्ब काढला का?"

पप्पा दोन हातांच्या अंतरावर उभे. "तेहिला, त्यांना सांग, दिसत नाही का म्हणावं?"

"आजोबा, पप्पा म्हणतात..."

"ऐकलं मी. तेल दाखव."

मी बाटली दिली. त्यांनी बूच काढून वास घेतला. बराच वेळ बाटली नाकाशीच होती. मग मला परत दिली आणि उजवा पाय आत टाकला.

"तूच भर," म्हणाले. "मी स्टूल धरतो."

मी स्टुलावर चढले. सगळे बघत होते. कमी पडायला नको म्हणून मी पेला काठोकाठ भरला, वात सोडली, काडी लावली. ज्योत उभी राहिली. पिवळी, खरी, आपल्या मनाने हलणारी. मग सूर्य बुडाला, सण लागला, प्रार्थना सुरू झाली. आजोबा आपल्या जुन्या जागेवर, सगळ्यांच्या थोडे पुढे. मला रडू येत होतं आणि आपण फार थोर आहोत असंही वाटत होतं.

प्रार्थना संपल्यावर आजोबा शेजारी येऊन म्हणाले, "छान. पाणी किती घातलंस खाली?"

"पाणी?"

"पेल्यात. खाली पाणी, वर दोन बोटं तेल. तेल संपलं की ज्योत पाण्याला टेकते आणि आपोआप विझते. नाहीतर काच तडकेल." त्यांनी मान उंच करून पेल्याकडे बघितलं. "तू पाणी नाही घातलंस."

मी लहानपणी कितीतरी शुक्रवार ते स्टूल धरलं होतं. पण स्टूल धरणाऱ्याला दिसतात ते फक्त वरच्याचे पाय.

सणाला जळता दिवा विझवता येत नाही. फुंकर नाही, बोट नाही, काही नाही. आणि तेल निवळलेलं नसल्यामुळे दिवा धूर सोडायला लागला. तडतड, धूर, तडतड. पप्पांनी पेल्याकडे बघितलं, सिलिंडरकडे बघितलं आणि स्वतःचाच ठराव आठवून त्यांचा चेहरा उतरला.

"तेहिला," आजोबा म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, घरी जा. दिवा मी बघतो. मी आयुष्यभर बघितलाय."

"त्यांना सांग, ठरावात माझं नाव आहे."

आम्ही बाकीचे आजोबांच्या घरी जाऊन सतरंजीवर झोपलो.

सकाळी मी आणि मम्मी पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. दिवा जळत होता. खाली दोन बाकं समोरासमोर ओढलेली, त्यांवर पप्पा आणि आजोबा. दोघांच्या नाकपुड्या काजळीने काळ्या, दोघांच्या मिशा काळ्या. पप्पांना तर मिशी नाहीच, तरी. आणि दोघं भांडत होते. थेट. मध्ये कोणी नसताना.

"काळा होता, काका! मी लाटेवर बसायचो, मला शेपूट दिसायची."

"अरे शेपूट काळी होती! बैल तांबडा. शेपटीवरून बैल ठरवतो, आणि हा ट्रस्टी!"

मम्मीने माझा हात धरून मला बाहेर ओढलं. म्हणाली, "थांब जरा. चालू दे."

लोक जमले. दहा आज्ञा वाचल्या. त्या वाचतात तेव्हा सगळे उभे राहतात, पण यंदा खोकतच उभे होते. तरी शनिवारच्या आज्ञेत गुराढोरांनाही विसावा द्यावा असं आलं तेव्हा आजोबांनी पप्पांकडे आणि पप्पांनी आजोबांकडे बघितलंच. जेवणात दहीभात, खीर, मम्मीचा खरवस. एरवी जेवण झालं की आमच्यात चपलांची घाई असते. कोणाला ठाण्याला जायचं, कोणाची लाँच सुटते. त्या दिवशी कोणी उठेना. दिवा चालू होता. पप्पा आणि आजोबा त्याच्याखालून हलणार नव्हते, आणि त्यांचा बैल अजून ठरायचा होता.

मी भाषणाला उभी राहिले. "आपली घाण्याची परंपरा ही शतकानुशतके..."

"ती राहू दे," आजोबा म्हणाले. "मी सांगतो तो बैल कसा होता."

माझ्या मानभंगाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. थोड्या वेळाने माझंही राहिलं नाही. आजोबांनी सांगितलं की शुक्रवारी ऊन कललं की तो बैल आपणहून थांबायचा, कितीही हाकला तरी पाऊल टाकायचा नाही. मालक मुसलमानाला तेल द्यायचा, ब्राह्मणाला द्यायचा, आणि सगळे शुक्रवारी दुपारच्या आत यायचे, कारण बैल ऐकत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग कोणाला आपल्या आजीचा मलिदा आठवला. कोणाला आपण होडीतून लग्नाला कसे गेलो ते. कोणी एक प्रार्थनेची चाल म्हटली, ती आता फक्त त्यांनाच येते. मग ती सगळ्यांना यावी म्हणून परत म्हटली, परत म्हटली. ज्याला जे येतं ते त्याने सांगायचं. मला आयुष्यात पहिल्यांदा बोलायचं सुचलं नाही. आणि वर दिवा आपला तडतड, तडतड.

ऊन कललं. मम्मी मेणबत्त्या काढायला पिशवी उघडत होती आणि मध्येच थांबली.

"शब्बाथ लागेल आता. मेणबत्त्या कशावरून लावायच्या?"

सणाला नवी काडी ओढता येत नाही. ज्योत घ्यायची तर आधीपासून जळत्या ज्योतीवरूनच. एरवी घराघरांत त्यासाठी आदल्या संध्याकाळपासून एक वात जपून ठेवतात. यंदा मम्मीला वाटलं आजोबांनी ठेवली असेल, आजोबांना वाटलं मम्मीने, आणि गॅसचा सिलिंडर तर परत केलेला. इतकी वर्षं बल्बच्या उजेडात काढल्यावर ज्योत राखायची असते हेच आम्ही सगळे विसरलो होतो.

मग एकेक करून सगळ्यांनी मान वर केली.

दिवा तळाशी आला होता. ज्योत बारीक, निळी.

"स्टूल," आजोबा म्हणाले.

पप्पांनी स्टूल आणलं आणि धरलं. मी वर चढले, मम्मीची मेणबत्ती तिरकी करून ज्योतीला लावली. घेतली. खाली दिली. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, जमलेल्या सगळ्या बायांच्या. शेवटच्या मेणबत्तीने पेट घेतला आणि वर दिव्याने एक तड केलं आणि तो विझला. काच शाबूत होती. मी पाणी घातलं असतं तर तो आदल्या रात्रीच शहाण्यासारखा विझला असता.

"पाणी विसरलीस ते बरं झालं," आजोबा मेणबत्त्यांकडे बघत म्हणाले. मग लगेच, "पुन्हा विसरू नकोस."

रविवारी आजोबा गेले. विमानतळावर पप्पांनी वाकून नमस्कार केला तेव्हा आजोबांनी त्यांचा कान धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "तांबडा," एवढंच म्हणाले.

सोमवारी पप्पा मोऱ्याला गेले, कारण ठरावाप्रमाणे दिवा एका सणापुरता होता आणि बल्ब परत बसवायचा होता. कोनाड्यात रुमाल होता. घडी घातलेला. बल्ब नव्हता. पप्पांनी बाकांखाली शोधलं, वाळूच्या बादलीत हात घालून शोधलं.

बुधवारी अश्दोदहून फोटो आला. नवं स्वयंपाकघर, पांढऱ्या टाइल्स, आणि ओट्यावर टांगलेला ज्योतीसारखा थरथरणारा बल्ब. खाली आजोबांनी लिहिलं होतं: 'सून म्हणते वायर लूज आहे.'

पप्पा तो फोटो बराच वेळ बघत राहिले. मोठा केला, लहान केला. मग चष्मा काढून पुसला.

"ट्रस्टची मालमत्ता परवानगीशिवाय परदेशी नेली," ते म्हणाले. "हे रीतसर नाही."

आणि चपला घालून नंदकिशोरकाकांकडे गच्चीची किल्ली मागायला गेले.